तह, नग एक

माझी बायको प्रियदर्शिनी गेल्याचं मला मंगळवारी सकाळी साडेअकराला कळलं. मी सिंगापुरात, वुडलँड्समधल्या एका ब्लॉकच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशिनरूममध्ये होतो. ब्रेकचे लायनर बदलायचं काम चालू होतं. अशा कामाच्या वेळी फोन बाहेर टूलबॉक्समध्ये ठेवायचा, हा नियम मीच माझ्या माणसांना घालून दिला आहे. बाहेर येऊन पाहिलं तर चौदा मिस्ड कॉल. सगळे याह्याचे. याह्या म्हणजे परदेशातल्या मोहिमेवर तिच्या पोलीस तुकडीचा तिथला दुभाषा. आपल्याकडच्या मुलींबरोबर तीन वर्षं काम करून तो हिंदी शिकला होता.

मी फोन लावला. तो म्हणाला, "भाईसाहब, आधी बसा."

"उभा बरा आहे. बोल."

मग त्याने सांगितलं. गाडीचा टायर फुटला. गाडी तीनदा उलटली. ती जिथे निघाली होती ते ठिकाण चाळीस किलोमीटर पुढे राहिलं.

तिच्या पोलीस दलाचा फोन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला, तीस तासांनी. फोनवरच्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, "मॅडम रजेवर होत्या ना?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "मग तेवढं मेलवर लिहून पाठवा. आणि पासपोर्टची कॉपी." दोन दिवसांनी दलाचं निवेदन आलं. 'रजेवर असताना खासगी प्रवासात अपघाती निधन.' अठ्ठावीस वर्षांची नोकरी आणि शेवटी खासगी प्रवास.

तो प्रवास खासगी नव्हता. ते सांगायला मी हे लिहितो आहे. मला लिहिण्याची सवय नाही, आणि राग लपवण्याचीही नाही.

ती भंडाऱ्याकडची. वडील पोस्टात शिपाई होते. ती दलात अधिकारी म्हणून लागली तेव्हा त्यांनी गावातल्या विहारात सगळ्यांना खीर वाटली होती. मी लिफ्टचा डिप्लोमा केलेला माणूस. अकरा वर्षांपूर्वी नोकरीसाठी सिंगापूरला आलो आणि आमची मुलगी राणी माझ्याबरोबर आली, कारण तिच्या आईची बदली दर दीड-दोन वर्षांनी व्हायची. लोक विचारायचे, "बायको तिकडे, तुम्ही इकडे, हा कसला संसार?" मी म्हणायचो, "तिच्या रजांचा." त्यात आम्हाला कमीपणा वाटला नाही.

नोकरीची शेवटची पाच वर्षं तिने शांतता मोहिमेवर वाळवंटात काढली. आधी महिला तुकडीची दुय्यम अधिकारी म्हणून, नंतर कमांडंट म्हणून. देशाचं नाव लिहीत नाही. ती माणसं अजून तिथेच राहतात, माझ्या लिहिण्याचा त्यांना त्रास नको. त्या भागात बेदुइन लोक आहेत. काळे तंबू, शेळ्या, उंट, आणि आता पिकअप गाड्याही. पुरुष अधिकाऱ्यांना तंबूच्या पुढच्या भागातच बसवायचे. तिला आत बायकांत जाता यायचं. त्यामुळे कोण आजारी आहे, कोणाच्या मुलाने बंदूक आणली आहे, कोण कोणाच्या वाटेवर बसणार आहे, हे तिला आधी कळायचं. कॉफी पुरे झाली की कप हलवून परत द्यायचा, नाहीतर ते ओततच राहतात, हे ती पहिल्याच आठवड्यात शिकली. मला फोनवर म्हणाली होती, "प्रबोध, मी पहिल्या दिवशी अकरा कप प्यायले. दोन रात्री झोप नाही."

तिथे एका विहिरीवरून दोन घराण्यांत तंटा झाला. एका बाजूचा माणूस मारला गेला. मारणाऱ्याचं घराणं लहान होतं आणि आता विहिरीवर आलं तर सूड घेतला जाणार होता. दुसरी विहीर दोन दिवसांच्या वाटेवर. पाण्यावाचून जनावरं मरायला लागली.

तिथे तह कागदावर होत नाही. एक माणूस सगळ्यांपुढे उभा राहून सांगतो, हा तह माझ्या तोंडावर आहे. मग तो तह त्या माणसाचा. कोणी मोडला तर अब्रू त्याची जाते, आणि मोडणाऱ्याला जाब विचारणं त्याच्यावर येतं. त्याने शब्द पाळला तर त्याच्या नावाने पांढरं निशाण लावतात. नाही पाळला तर काळं. येणारा-जाणारा विचारतो, हे कोणाचं? आणि त्याला नाव सांगतात.

दोन्ही घराण्यांना एकमेकांचा जामीनदार नको होता. तेव्हा लहान घराण्यातली म्हातारी, हमदान नावाच्या एका माणसाची आई, म्हणाली, "ती पोलीसबाई माझ्या तंबूत बसते. ती उभी राहील तर मी मानीन." मोठ्या घराण्याचा शेख औदा यानेही मान हलवली. प्रियदर्शिनी उभी राहिली. एक वर्ष आणि एक दिवस, हा तह माझ्या तोंडावर, असं म्हणाली. अरबीत म्हणाली. याह्याने ते वाक्य तिच्याकडून आठवडाभर घोकून घेतलं होतं.

त्यानंतर दर सोमवारी आणि गुरुवारी, लहान घराण्याच्या पाण्याच्या दिवशी, ती स्वतः विहिरीवर उभी राहायची. ताप असतानाही. आठ महिने एक गोळी सुटली नाही.

मग मुख्य तळावर परदेशी पाहुणे येणार म्हणून आदेश आला. महिला तुकडीने सलामी दिली की फोटो चांगले येतात. तह संपायला चार महिने असताना तिची तुकडी तिकडे हलवायची, तिच्या जागी दुसरी तुकडी. तिने लिहून कळवलं की तह संपेपर्यंत मला एकटीला तरी ठेवा. उत्तर आलं की चार्ज रीतसर देण्यात यावा.

चार्जची यादी मी पाहिली आहे. वायरलेस सेट, नग बारा. पाण्याच्या टाक्या, नग चार. जनरेटर, नग दोन, एक नादुरुस्त. आणि एकतिसाव्या ओळीत, 'विहिरीचा तह, नग एक, चालू स्थितीत.' ही ओळ तिने लिहिलेली नाही. वरून सांगून घातलेली आहे. घेणाऱ्या अधिकाऱ्याने जनरेटरखाली सही केली तशी याखालीही केली.

तिने त्या दिवशी मला फोन केला. "प्रबोध, त्यांनी तह यादीत घातला."

मी काय बोललो ते लिहायलाच हवं. मी म्हणालो, "मग बरंच झालं की. आमच्याकडे लिफ्टचं कंत्राट बदलतं. लॉगबुक द्यायचं, चाव्या द्यायच्या, सुटायचं. तू चार्ज दिलास, तू सुटलीस."

ती म्हणाली, "लिफ्टला माहीत नसतं कोण सांभाळतंय. त्यांना माहीत आहे."

चार्ज दिल्यानंतरच्या तिसऱ्या गुरुवारी हमदान दोन उंट घेऊन विहिरीवर आला. तह आहे या भरवशावर आला. नव्या तुकडीला 'गरजेनुसार गस्त' असा आदेश होता आणि त्या दिवशी कोणाला गरज वाटली नव्हती. सुडाची गोळी लागून हमदान विहिरीच्या काठावरच मेला. पंधरा दिवसांत त्याच्या आईने तिथे खांब रोवून काळं कापड लावलं. कोणाचं म्हणून कोणी विचारलं की ती प्रियदर्शिनीचं नाव घ्यायची.

याह्याने हे प्रियदर्शिनीला कळवलं. तिने परत जायची परवानगी तीनदा मागितली. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं. चार्ज दिलेला आहे, विषय बंद. मग तिने साठलेली रजा काढली, इथे आली, नऊ दिवस राहिली आणि निघाली. निघायच्या सकाळी स्वयंपाकघरात उभी राहून ती साध्या सलवार-कमीजला इस्त्री करत होती.

राणी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "मम्मी, इट्स नॉट युअर फॉल्ट लाह. दे ऑर्डर्ड यू, व्हॉट."

"दोष कोणाचा ते मी तिथे जाऊन सांगेन. नाव माझं घेतात ना, मग मीच जायला हवं."

"अँड दे शूट यू, हाउ?"

"पाहुण्याला मारत नाहीत. चहा टाक."

मी चांगी विमानतळावर सोडायला गेलो. तिथेही म्हणालो, रीतसर चार्ज दिलेला आहे, कशाला जातेस. तिने माझ्याकडे असं पाहिलं की पुढे बोललो नाही. तेव्हा मलाही तिच्या साहेबांसारखंच वाटत होतं, फरक इतकाच की मला तिची काळजी होती.

अपघातानंतर तिचा देह नागपूरला आणला. पुण्यानुमोदन झालं. परत आल्यावर तीन आठवड्यांनी याह्याचा फोन आला. हमदानच्या आईचा आणि शेख औदाचा निरोप होता. दोघांनी शोक कळवला होता. ती वाटेत मेली हे त्यांना माहीत होतं.

मी विचारलं, "मग निशाण उतरवलं का?"

"नाही, भाईसाहब. शब्द माणूस मेला म्हणून मरत नाही. आता तो तुमच्या घराचा झाला. मॅडम स्वतः गेल्या नव्हत्या, त्यांना कोणी हलवलं, हे तिथे सांगितलं गेलं तर निशाणाला दुसरं नाव लागेल. मॅडमचं पांढरं होईल."

बस्स, एवढंच मला करायचं होतं. तिचं नाव त्या काळ्या कापडाखालून काढायचं. मी लगेच कामाला लागलो. मला वाटलं, आदेश कोणी दिला त्याचं सहीशिक्क्याचं पत्र मिळवायचं, त्याचं अरबी भाषांतर करून घ्यायचं, याह्याकडे पाठवायचं. दलाला अकरा मेल केले. अर्जाचा नमुना चुकला. मग नातेवाइकाचा पुरावा हवा. मग विषय मोहिमेच्या कार्यालयाचा आहे. मोहिमेचं कार्यालय म्हणालं, विषय दलाचा आहे. सहा महिने गेले.

मग अभयचा फोन आला. अभय पुण्याचा, एका आयटी कंपनीत मॅनेजर, ईस्ट कोस्टच्या कॉन्डोमध्ये, म्हणजे महागड्या सोसायटीत राहतो. इथल्या मराठी लोकांचे कार्यक्रम तो करतो. माणूस वाईट नाही.

"प्रबोधदादा, वहिनींचा मरणोत्तर गौरव करायचा ठरलंय. आणि योग बघा, त्यांचे साहेबच परिषदेसाठी इथे आलेत. रवींद्र साहेब. मानपत्र त्यांच्या हस्ते."

रवींद्र साहेब म्हणजे मोहिमेवरच्या आमच्या सगळ्या तुकड्यांचे प्रमुख. तुकडी हलवण्याच्या आदेशावर सही त्यांची होती. मी म्हणालो, येतो.

कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये साठेक माणसं होती. मागच्या टेबलावर साबुदाणा वडे होते, काचेपलीकडे पोहण्याच्या तलावात मुलं ओरडत होती. फलकावर तिचा गणवेशातला फोटो आणि खाली 'वाळवंटातील रणरागिणी'. तिला तो शब्द आवडला नसता. आठ महिने गोळी सुटू दिली नाही, हे तिचं काम होतं.

अभयने मानपत्र वाचलं. मजकूर दलाकडून आला होता. त्यात होतं, 'स्थानिक टोळ्यांमधील विहिरीचा तंटा त्यांनी यशस्वीरीत्या कायमचा मिटवला.'

राणी माझ्या कानाशी म्हणाली, "पपा, दॅट्स नॉट ट्रू."

मला मंचावर बोलावलं. साहेबांनी मानपत्र पुढे केलं, फोटोवाला तयार होता. मी हात मागेच ठेवले.

"साहेब, हमदान कुठे मेला?"

"कोण?"

"हमदान. तंटा कायमचा मिटला असं लिहिलंय ना? मग विहिरीच्या काठावर माणूस कसा मेला?"

साहेब हसले. चांगलं हसतात. "गजभिये, आपण नंतर शांतपणे बोलू."

"सहा महिने शांतपणेच बोलतोय. अकरा मेल आहेत. ती स्वतः गेली नव्हती, तुम्ही तिला सलामीसाठी हलवलंत, एवढं एका ओळीत लिहून द्या. मी मानपत्र घेतो, फोटोही काढू."

अभय माझ्या दंडाला धरून म्हणाला, "दादा, इथे नको ना. पाहुणे आहेत."

"पाहुण्यांसाठीच तर सगळं झालं," मी म्हणालो.

साहेबांनी आवाज खाली आणला. "हे बघा, चार्ज रीतसर दिला गेला होता. पुढच्या अधिकाऱ्याने कुचराई केली, त्याची चौकशी झाली, त्याला समज दिली. मॅडमवर कसलाही ठपका नाही. त्यांचं रेकॉर्ड स्वच्छ आहे. तुम्हाला आणखी काय हवं?"

"तिथे तिच्या नावाचं काळं निशाण आहे."

"अहो, तंबूतल्या लोकांनी काठीला फडकं बांधलं, त्याचं काय एवढं?"

"फडकंच आहे ना? मग द्या लिहून. तिथे तुमचं नाव लागेल. फडक्यालाच लागेल."

साहेबांचं हसू गेलं. ते म्हणाले, "शासकीय आदेशाला व्यक्तीचं नाव नसतं, गजभिये. पदाचं असतं."

"तिने पद उभं केलं नव्हतं, साहेब. ती स्वतः उभी राहिली होती."

मागून कोणीतरी म्हणालं, "बिचारे दुःखात आहेत." ते ऐकून मला जास्त राग आला. मी दुःखात होतो, पण चुकीचं बोलत नव्हतो. मी खाली उतरलो. मानपत्र टेबलावर वड्यांच्या ताटांशेजारी राहिलं. बाहेर पडताना अभय धावत आला. "दादा, जेवून तरी जा." मी म्हणालो, "त्यातलं ते वाक्य खोड, मग येतो जेवायला." त्याने मान खाली घातली. वाक्य खोडलं गेलं नाही. चार दिवसांनी ते मानपत्र कुरियरने घरी आलं, फ्रेमसकट. मी ते परत पाठवलं.

त्याच आठवड्यात मी याह्याला फोन केला. म्हणालो, "पत्र मिळत नाही. मी प्रयत्न सोडलेला नाही, त्या म्हातारीला सांग. वरच्या कोर्टात जाईन, पण कागद आणीन."

तो म्हणाला, "भाईसाहब, कोणता कागद?"

"आदेश कोणी दिला त्याचा."

"तुमच्याकडे कागद कोणी मागितला?"

"तूच म्हणालास, सांगितलं गेलं पाहिजे."

"सांगायचं म्हणालो. पाठवायचं नाही. म्हातारीला वाचता येत नाही, औदालाही नाही. तह घातला ती यादीही कागदच होती ना? इथे तुमच्या घरचं माणूस येऊन उभं राहायचं आणि बोलायचं. पुरावा तोच. खोटं बोलायला इतक्या लांब कोणी येत नाही. ते लोक सहा महिने तुमची वाट बघतायत. मला वाटलं तुम्हाला रजा मिळत नसेल."

मी फोन ठेवला. मला स्वतःची लाज वाटली. ती तह यादीत मावत नाही म्हणून दलाशी भांडली, आणि मी तिचा नवरा, तिचा शब्द पाकिटात घालून पोस्टाने पाठवायला निघालो होतो. साहेबांनी एकदा केली ती चूक मी सहा महिने करत होतो. त्याने साहेबांची चूक कमी होत नाही. हमदान त्यांच्या आदेशाने मेला, त्याच्या आईला ते कोणी सांगितलं नाही, आणि ते आजही परिषदांना जातात.

राणीने सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "देन वी गो, लाह."

"तू नाही. मी."

"ते घरचं माणूस म्हणाले ना? मी पण घरची आहे." हे तिने मराठीत सांगितलं. ती असं क्वचित करते.

मी कंपनीत बिनपगारी रजा मागितली, ती मिळाली. तिथे बोलायची अरबी वाक्यं याह्या मला रोज फोनवर शिकवतो. 'मी तिच्या घरचा आहे. ती गेली नाही, तिला नेलं. नेणाऱ्याचं नाव हे.' राणीचा उच्चार माझ्यापेक्षा बरा आहे, असं तो म्हणतो.

त्या भागात जायला, तिच्यासारखं मोहिमेचं ओळखपत्र नसेल तर, परदेशी माणसाला वेगळा परवाना लागतो आणि त्यासाठी मोहिमेच्या कार्यालयाचं शिफारसपत्र लागतं. कार्यालयाने दोन वेळा नकार दिला आहे. कारण लिहिलं आहे, 'प्रवासाचा हेतू खासगी.' तिसरा अर्ज मी आणि राणीने मिळून गेल्या सोमवारी केला. त्याचं उत्तर आलेलं नाही. काळं निशाण प्रियदर्शिनीच्या नावाने आजही लागलेलं आहे. विहिरीपाशी जाऊन आम्हाला जे बोलायचं आहे, ते अजून बोलून झालेलं नाही.